पाच खुर्च्यांची सल्तनत

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत, मधलं मूर्तिजापूर नि बडनेरा धरून, माझ्या साडूंइतकं गोड बोलणारा माणूस दुसरा नाही, आणि हे मी आनंदानं सांगतो आहे असा कुणाचा समज होऊ नये. एका घराला दोन जावई असले की एक उजवा ठरतो आणि दुसरा डावा. सासुरवाडीला मी गेलो की सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि विचारतात, "ते नाही आले का?" ते, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी आलोय हे पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं.

अमरावतीला त्यांचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, लोड, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखे, माईक, असं सगळं लग्नाकार्याला भाड्यानं देतात. पण तो झाला पोटाचा उद्योग. त्यांचा खरा उद्योग म्हणजे जुन्या सुलतानांची भांडणं लोकांना सांगणं. इतिहासात बी.ए. झालेली माणसं वऱ्हाडात पुष्कळ असतील, पण झालेलं बी.ए. असं अंगावर घेऊन फिरणारा हाच एक. बसमध्ये शेजारी बसलेल्याला "कुठी चालले?" असं विचारतात, तो अचलपूर म्हणाला की संपलं. अचलपूर ही एके काळची राजधानी, हे कळल्याशिवाय त्या माणसाला आपल्या गावी उतरता येत नाही. एकदा तर एक गृहस्थ परतवाडा ओलांडून पुढे गेले आणि उतरताना यांचेच आभार मानून गेले. माझ्याशी बोलताना माणसं उतरायच्या आधीच पिशवी उचलतात.

लग्नात त्यांना रंग चढतो. आमच्या कोकणात भटजी घटका मोजतो. इकडे मुहूर्त सकाळचा असतो आणि नवरदेव दुपारी नाचत नाचत येतो. मांडवातली माणसं भुकेनं कावलेली असतात. अशा वेळी साडू "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतात आणि पाच खुर्च्या पाठीला पाठ लावून मधोमध मांडतात. "हे पाहा बाप्पा, हे बहामनीचं राज्य. म्हातारा थकला, घर मोठं, अन् भाऊ पाच. एकाचं तोंड बिदरकडे, एकाचं विजापूरकडे, एक नगरचा, एक गोवळकोंड्याचा. अन् हा पाचवा, पाय मोडका, हा आपला वऱ्हाड." मोडक्या पायाची खुर्ची ते मुद्दाम घेऊन येतात. मग एकेक खुर्ची ओढत ओढत लांब नेतात, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या आपल्याच घरची वाटणी आठवून डोळ्याला पदर लावतात. शेवटी नगरची खुर्ची उचलून वऱ्हाडच्या खुर्चीवर ठेवली की कुणीतरी "अरे बाप्पा" म्हणतंच.

एकदा पाहुण्यांमध्ये एक प्राध्यापक होते. ते उठून म्हणाले, "अहो, ते भाऊ नव्हते, सुभेदार होते." साडू हात जोडून म्हणाले, "बरोबर हाय सर. पन सुभेदार म्हनलं का मांडव झोपते, भाऊ म्हनलं का उठून बसते. आता बसले ना उठून, तं सांगतो सुभेदार कोन असते ते." आणि खरोखरच सांगितलं, प्रांत काय, सुभेदारी काय, सगळं. तेवढ्यात नवरदेव दारात आला. कुणी उठेना. मुलाचा बाप मानपानासाठी लाल झाला, तर हे माईकवरून म्हणतात, "इवाई, दोन मिनिटं दम धरा. तुमचं लग्न होनारच हाय, इथं राज्य बुडून राह्यलं." नवरदेवानं घोड्यावरूनच विचारलं, "कोनाचं?" आणि तोही ऐकत थांबला.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे समोरच्या माणसांना इतिहासात उभं करणं. सासरे दिल्लीचे बादशहा होतात, सासूबाई गाविलगडचा किल्ला होतात (कारण त्यांना जिंकायला मागच्या बाजूनं जावं लागतं), मेहुणा तोफखाना होतो. मला एकदाच भूमिका मिळाली. "दख्खनमधे घोडे कुठून येत? जहाजातून, दाभोळच्या बंदरात. अन् हे आमचे साडभाऊ थेट दाभोळच्या खाडीवरचे," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळं घर हसलं. सगळ्यात जास्त माझी मुलगी हसली. घरी येताना ती मला म्हणाली, "पप्पा, तुमाले कावून नाही येत असं सांगता?"

हा प्रश्न माझ्या छातीत बसला तो बसलाच. मी नववीत शाळा सोडली. आंब्याच्या पेट्यांच्या ट्रकबरोबर अकोल्याला आलो, आंबे संपले आणि मी राहिलो. कुणी "शिक्षण किती?" विचारलं की मला अजून घाम फुटतो. मुलगी सातवीत गेली तेव्हा मी हिशेब केला की आणखी थोड्या वर्षांत ती माझ्या पुढे जाईल, आणि पुढे गेलेली पोरगी मागे वळून बघते ती कुणाकडे? मावसाजींकडे, म्हणजे या साडूंकडेच. बायकोला हे बोललो तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्याईच्यावर जळून काय करता? तुमच्या पोटात अन्न कोनामुळं पडून राह्यलं?"

तेही खरंच. जठारपेठेत मी ज्या गाळ्यात पंखे नि मिक्सर दुरुस्त करतो तो गाळा त्यांनी बघून दिला. पहिलं काम दिलं ते त्यांच्याच पंख्यांचं. बायकोसाठी माझं नाव सासऱ्यांपुढे टाकलं तेही त्यांनीच, आणि सासरे "हा कोकणातला, हा काय टिकते" म्हणाले तेव्हा "टिकते, म्या त्याचं वायंडिंग पाह्यलं हाय" असं उत्तर दिलं. मी रोज देवापुढे हात जोडताना त्यांचं नाव घेतो. नाव घेताना दात थोडे आवळले जातात, एवढंच.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, काढून टाकली, पण डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं. नेमकं त्याच आठवड्यात मुलीच्या वर्गाला नरनाळा किल्ला दाखवायचं ठरलं होतं. बाईंनी मावसाजींनाच बोलावलं होतं, आणि मुलगी शाळेत महिनाभर तोरा मिरवत होती. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर त्यांनी मोबाईलवर टाईप करून माझ्यापुढे धरलं: "तुमी सांगा." मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच पुढे धरलं. मी दुकानात उघड्या मिक्सरांपुढे बसून सराव केला. मिक्सर शांतपणे ऐकत होते, ते मला चांगलं लक्षण वाटलं.

नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यापुढे मुलं बसली, आणि दवाखान्यातून नुकतेच सुटलेले साडू हट्टानं आमच्याबरोबर येऊन मागे एका दगडावर. काय ती दगडावरची नक्षी, काय ते बाहेर आलेले सज्जे. मी घसा साफ केला आणि पुस्तकातल्यासारखं सुरू केलं, "मध्ययुगीन कालखंडात..." आणि पहिल्याच वाक्याला चिप्सची पाकिटं फुटायला लागली. मी बहामनीच्या आधी निजामशाही घेतली, मग मागे आलो, मग कुठे होतो तेच विसरलो. घाम डोळ्यांत उतरला. मुलगी मान खाली घालून बुटाची लेस बांधत होती. ती लेस बांधलेलीच होती.

तेव्हा मागे दगडावर बसलेले साडू उठले. गळ्याला मफलर, तोंडातून अक्षर नाही. त्यांनी पाच पोरं हाताला धरून उठवली, पाठीला पाठ लावून उभी केली, आणि स्वतः त्यांच्या पायाशी आडवे होऊन म्हाताऱ्या बहामनीसारखे मरायला लागले. पोरं खदखदली. साडूंनी मरता मरता एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "हे पाहा बाप्पा, म्हातारा थकला, घर मोठं..." मी दाभोळचा माणूस, माझ्या तोंडून वऱ्हाडी वाहायला लागली. वाटणी झाली, भांडणं झाली, पाचव्या पोरावर नगरवाला जाऊन बसला. बाईसुद्धा "अरे बाप्पा" म्हणाल्या. सुभेदार म्हणजे कोण तेही मी सांगितलं. मुलगी पुढे सरकत सरकत अगदी माझ्या पायाशी आली होती.

गाडीत बसताना ती मैत्रिणींना म्हणाली, "पाह्यलं? माह्या पप्पानं सेम मावसाजीसारखं सांगतलं." इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं तर त्यातही मावसाजी.

साडूंचा आवाज अजून पुरता परत आलेला नाही. बारीक, फाटका निघतो, आणि मांडवात ते आता माईकपाशी फारसे जात नाहीत. सासूबाई परवा म्हणाल्या, "तुमी सांगा ना काही," तर मी उठून त्यांचा चांगला चालता पंखा उघडून बसलो.

पण त्या दिवशी गाडीत, अकोटच्या रस्त्याला, एका पोरानं मला विचारलं, "काका, मंग वऱ्हाडचं पुढं काय झालं?" मला पुढचं ठाऊकच नव्हतं. मांडवात एवढ्यात नेहमी नवरदेव येऊन पोचायचा. मी शेजारी बघितलं. साडूंनी मोबाईल काढला. गाडी हिसके देत होती, अंगठा भलत्याच अक्षरावर पडत होता, तरी एकेक ओळ ते टाईप करायचे आणि स्क्रीन माझ्याकडे वळवायचे. मी मोठ्यानं वाचायचो, अडखळत, जसा नववीत वाचायचो तसा. मी वाचत होतो, आणि सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती, पुढची ओळ कधी उमटते म्हणून. माझी मुलगीही. खरं सांगायचं तर वाचून झालं की मीही त्यांच्याकडेच बघत होतो.