ह्यांचा हिरवा

ह्यांच्या करंगळीतली अंगठी शेवटच्या महिन्यांत सैल झाली होती, म्हणून मी तिला आतून पांढरा दोरा गुंडाळला होता. बोट बारीक होत गेलं तसे दोऱ्याचे वेढे वाढत गेले. हे गेल्यावर अंगठी माझ्या हातात आली तेव्हा सोन्यापेक्षा दोराच जास्त दिसत होता, जेवणातल्या हळदीनं पिवळा पडलेला. ती मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी पुस्तकांच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे.

ती अंगठी सासूबाईंनी केलेली. हे लहानपणी बोलताना अडखळत. नागपूरच्या कुणा ज्योतिष्यानं सांगितलं की पोराचा बुध कमजोर आहे, वाणी बुधाची, तेव्हा करंगळीत पाचू घाला. सासूबाईंनी आपल्या कानातलं मोडून सोनं दिलं. खडा कातडीला टेकला पाहिजे म्हणून त्याची मागची बाजू उघडी ठेवून घेतली, आणि एका बुधवारी अंगठी कच्च्या दुधात बुडवून मुलाच्या बोटात घातली; पुढं बोट वाढलं तशी कडी वाढवून घेतली. मी लग्न होऊन रायपूरला आले तेव्हाही बुधवारी हिरव्या मुगाची उसळ चुकत नसे. वाढताना त्या म्हणायच्या, "घे अजून. आता कसा बोलून राहिला पाह्य माहा पोट्टा." आणि पोट्टा, जो तोवर रेल्वेच्या कचेरीत बाबू झाला होता, मान खाली घालून मुकाट जेवत असे.

ह्यांना सगळ्यांत अवघड अक्षर 'प'. पुरानी बस्तीतल्या आमच्या घराचा पत्ता सांगायचा तरी रिक्षावाला तोंडाकडे बघत राही. आणि पाचू हा शब्दही त्याच अक्षरानं सुरू होणारा. लग्नानंतर पहिल्यांदा ह्याबद्दल बोलले तेव्हा हसत म्हणाले होते, "आईनं औषध देल्लं, पण औषधाचं नावच घेता येत नाही मले." म्हणून ते त्याला 'हिरवा' म्हणत. माझा हिरवा कुठं ठेवला, आंघोळीला जाताना हिरवा काढला होता, असं. शब्द अडला की अंगठी फिरवून खडा तळहाताकडे आणत आणि अंगठ्यानं हळूहळू घासत. मी तेवढा वेळ थांबायची. त्यांच्या तोंडचा शब्द आपण पुरवायचा नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. थोड्या वेळानं शब्द आपला आपण येई.

बुधावर विश्वास आहे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बुध कुठं आहे मले ठाऊक नाही. खडा इथं आहे, एवढं ठाऊक आहे."

या वर्षी मुलीनं ती डबी शोधून काढली. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं, वडिलांशीही तसंच होतं. अंगठी दिव्याखाली धरून ती म्हणाली, "आई, डिब्बी में रखोगी तो किस काम की? मुझे दे दो, छोटा-सा पेंडंट बनवा लूँगी. रोज ऑफिस पहनकर जाऊँगी." मला नाही म्हणता आलं नाही. वस्तू माणसाच्या अंगावर असावी, हे मलाही पटत होतं.

शंकर नगरात पहिल्या मजल्यावर एक लहान दुकान आहे. जयपूरला रत्नांचं शिक्षण घेऊन आलेली एक तरुण मुलगी ते चालवते, जुन्या दागिन्यांतून नवे घडवून देते. माझी मुलगी तिला दीदी म्हणते. दोरा काढावा लागेल, असं ती दीदी म्हणाली, तेव्हा तो मीच उलगडला आणि पर्समध्ये ठेवला. मग तिनं खडा दिव्याखाली धरला, भिंग लावलं, आणि उलटसुलट करून पाहिला.

"आंटी, ये पन्ना बोलकर दिया था किसी ने?"

"हो. पाचू," मी म्हटलं.

"पन्ना नहीं है. पेरिडॉट है. बहुत अच्छा है, पर पन्ना नहीं है."

मुलगी माझ्याकडे वळली. "मतलब, आजी को ठग लिया किसी ने?"

मला मात्र भलत्याच गोष्टीचं हसू आलं. पाचू काय आणि पेरिडॉट काय, 'प'मधून ह्यांची सुटका नव्हतीच.

"ठगा ही हो, ऐसा नहीं," दुकानातली मुलगी म्हणाली. "ज्योतिष में पन्ने की जगह ये चलता है. उपरत्न बोलते हैं."

"यानी डुप्लिकेट."

"उप म्हणजे जवळ," मी म्हटलं. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात कोश हाताळले, सवय जात नाही. "उपवासातला उप. उपवास म्हणजे जवळ राहणं."

"आई, दुकान में भी व्याकरण," मुलगी म्हणाली. पण तिचा आवाज निवळला होता.

मग त्या दीदीनं भिंग माझ्या हातात दिलं. खड्याच्या वरून आत बघा, तळाच्या पैलूंच्या कडा बघा, असं सांगितलं. मला आधी नुसता हिरवा उजेड दिसला, कोवळ्या पानातून ऊन यावं तसा, किंचित पिवळसर. हात स्थिर झाला तेव्हा कडा दिसल्या. आणि प्रत्येक कड दुहेरी होती. एका रेघेशेजारी तिचीच दुसरी रेघ, इतकी जवळ की मधे सुईही जाऊ नये. मी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. रेघा दोनच होत्या.

"इसमें रोशनी दो हिस्सों में बँटकर चलती है," ती सांगत होती. "पन्ने में ऐसा आपको दिखेगा ही नहीं."

इतकी वर्षं हा खडा माझ्या ताटाशेजारच्या ताटावर, उशीवर, वर्तमानपत्राच्या कडेवर माझ्यासमोर होता. त्याच्या आत हे चाललेलं होतं आणि मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. ती पुढं बरंच सांगत राहिली. पाचू जमिनीच्या वरच्या थरात तयार होतो, पण हा फार खालून, लाव्हाबरोबर वर येतो. आकाशातून पडणाऱ्या काही दगडांतही हाच हिरवा सापडतो. त्याच्या चमकेत तुपाचा ओशटपणा असतो, म्हणून आपल्याकडे त्याला घृतमणीही म्हणतात. तो शब्द मी कोशात नक्की पाहिला असणार, पण पान उलटून पुढं गेले असणार.

तिनं ड्रॉवरमधून दुरुस्तीला आलेलं एक जुनं लॉकेट काढून दाखवलं. मधे असाच खडा आणि भोवती साबुदाण्याहून बारीक मोती. कुण्या घरात ते परदेशातून आलं होतं. शेजारी तिच्या नव्या वस्तूंचा ट्रे होता. चांदीच्या तारेत खडा असा धरलेला की तार जवळजवळ दिसूच नये. जुन्यात खड्याला सजवून बसवलेलं होतं, नव्यात त्याला मोकळं सोडलेलं होतं. दोन्हीकडे हिरवा तोच. संध्याकाळ झाली, खिडकीतला उजेड गेला, ट्यूबलाइट लागली, तरी तो जरासुद्धा विझला नाही.

मुलीनं चांदीच्या तारेतलं एक पेंडंट निवडलं. दीदीनं खड्यावर नख फिरवलं. "ऊपर से घिसा हुआ है. धूल में रेत होती है, उसी से घिसता है. टाँका लगाने की आँच ये सह नहीं पाता, तो पहले पत्थर निकालूँगी, फिर हल्का पॉलिश करके नया कर दूँगी."

"हाँ, नया कर दो," मुलगी म्हणाली.

मी पुन्हा भिंग उचललं. या वेळी आत नाही, वर पाहिलं. एका बाजूच्या पैलूंच्या कडा धारदार होत्या. दुसऱ्या बाजूच्या गोलसर झाल्या होत्या, त्यांच्यावर धुक्यासारखं काही पसरलं होतं. मी आपला अंगठा करंगळीकडे नेऊन पाहिला. जिथं तो टेकला, तीच बाजू.

ह्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. फोनवर बोलायला ते टाळत, तर रेकॉर्ड कुठून करणार. जे शब्द अडले आणि मग आले, त्यांचा माग कुठं राहिला असेल, असं मला वाटलं नव्हतं. तो इथं होता, आणि हलक्या पॉलिशनं जाणार होता. पण खडा आता मुलीचा होता. ती तो गळ्यात घालून चार माणसांत वावरणार होती. जुनाट दिसणारी वस्तू तिनं का घालावी?

 मी भिंग फक्त मुलीपुढं धरलं आणि अंगठ्यानं करंगळी घासून दाखवली.

ती वाकली.  दीदी हातातलं काम करत राहिली.

"पॉलिश रहने दो, दीदी," शेवटी ती म्हणाली.

"फीका दिखेगा थोड़ा."

"चलेगा."

खडा काढताना कड उडू शकते, असं दीदीनं आधीच सांगितलं होतं. तयार झाल्याचा फोन येईपर्यंत माझं वाचनात लक्ष लागलं नाही. खडा धड निघाला होता. पेंडंटची मागची बाजू उघडी ठेवली होती, मुलीनंच तसं सांगितलं होतं म्हणे. अंगठीची रिकामी कडी मी डबीत ठेवली, तिच्याजवळ दोरा.

परवा नागपूरहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी ऑफिसातून, तेलीबांधा चौकातल्या गर्दीतून, नुकतीच घरी पोचली होती, फोन तिनं घेतला.

"गळ्यात काय चमकून राहिलं वं पोट्टे? दादाचा पाचू मोडला काय तुम्ही?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. पाचू म्हणावं तर तो पाचू नव्हता. पेरिडॉट म्हणावं तर आत्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि आत्याशी मराठीतच बोलावं लागतं. तिचा अंगठा पेंडंटवर गेला. शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तो तिथंच ठेवला आणि थांबले.

"बाबांचा..." ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "बाबांचा हिरवा आहे, आत्या."