साडूभाऊंचं फीवालं खातं

संकट आलं तर हाताशी असावा म्हणून लोक विमा काढतात. विमा काढलाय म्हणून संकटाची वाट पाहणारा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. अंबडच्या बाजारात त्यांचं बियाण्यांचं दुकान. पिशव्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात हयात गेल्यामुळे साडूभाऊंचा छापील शब्दावर भलताच विश्वास. लॉजमध्ये 'गरम पाणी मिळेल' अशी पाटी असली, की भर मे महिन्यातही ते कढत पाण्यानं अंघोळ करून घामाघूम होऊन बाहेर येतात. एका लग्नपत्रिकेत 'अल्पोपाहाराची सोय केली आहे' असं छापलेलं होतं, तर पंगतीत पोटभर जेवल्यावर हे मुलीच्या बापाकडे अल्पोपाहाराची चौकशी करायला गेले.

अशा माणसापुढे बँकेतल्या एका तरुण मॅडमनी रंगीत पत्रक ठेवलं. साध्या खात्याला काही लागत नव्हतं. दुसऱ्या खात्याला वर्षाची फी होती. पण त्या फीत अपघाती विमा, मोबाइलचा विमा, गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत आणि विमानतळावर बसायला खास खोली, एवढं सगळं होतं. साडूभाऊंनी या निवडीला जितका वेळ लावला तितका बायको पसंत करायलाही लावला नव्हता, असं आक्का, म्हणजे माझी मेहुणी, स्वतः सांगते. रोज दुकान उघडायच्या आधी ते बँकेत नवा प्रश्न घेऊन हजर. "मॅडम, बैलानं मारलं तर अपघात धरता का?" "माकडानं मोबाइल नेला तर ती चोरी का नुकसान?" पुढे पुढे ते दारात दिसले, की मॅडम आधी स्वतःसाठी चहा मागवत.

दुकानाशेजारचे घड्याळवाले चाचा हे त्यांचे जुने दोस्त. त्यांनी विचारलं, "सेठ, कभी विमान में बैठने का है क्या तुमको?"

"न्हाई."

"तो वो खोली किसके वास्ते लेते?"

"बसायचं न्हाई चाचा, पण हक्क तर राहतो ना!"

चाचांनी डोळ्यावरचं भिंग खाली ओढलं आणि ते पुन्हा घड्याळात शिरले.

अखेर खातं उघडलं. फी एकच आणि विमा दोघांना, हे कळल्यावर साडूभाऊंनी आक्कालाही त्यात जोडून घेतलं. आणि मग वसुली सुरू झाली. राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही केदारखेड्याला एका लग्नाला निघालो होतो. वाटेत त्यांची जुनी गाडी बंद पडली. शेजारच्या शेतातून तिघं-चौघं धावत आले. "काका, बसा तुम्ही, ढकलून देतो." साडूभाऊ दोन्ही हात पसरून गाडीमागं उभे राहिले. "कुणी हात लावू नका! माझ्या खात्यात याची सोय हाये!" फोनवरच्या बाईनं हिंदीतून जवळची खूण विचारली. हे म्हणाले, "राजूर का गणपती." तिनं पिनकोड विचारला. "मॅडम, गणपती को पिनकोड कायको लगता? पूरा जिल्हा जानता उसको!" उन्हं कलल्यावर ओढून नेणारी गाडी आली. त्यातल्या माणसानं दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, की पेट्रोल संपलंय. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा आचारी भांडी घासत होते, पण साडूभाऊ नवरदेवाच्या बापाला अभिमानानं सांगत होते, "पार संभाजीनगरहून आल्ती गाडी. फुकट!"

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालून उतरताना आक्काचा जिन्यात पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल; पण पहिल्यासारखं चालता येईल का, हे आत्ता सांगता येत नाही. साडूभाऊ दवाखान्याच्या बाकावर नुसते बसून राहत. जेवणाचा डबा न उघडता परत जाई. मला एकदाच म्हणाले, "पाव्हणे, चालंल ना हो ती?" मी घाईघाईनं हो म्हणालो. त्या घाईनंच बहुतेक माझं खोटं उघडं पडलं.

आक्का घरी आल्यावर मुलानं विम्याची आठवण काढली. साडूभाऊंचं मन नव्हतं. मीच त्यांना बँकेत घेऊन गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि जरा अवघडूनच विचारलं, "काकू आता चालतात का?"

"काल वॉकर धरून ओट्यापर्यंत गेल्ती."

"मग नाही बसत काका. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व असेल तरच क्लेम मिळतो. काकू तर बऱ्या होताहेत."

आता साडूभाऊ ते रंगीत पत्रक काढणार आणि बँक डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री होती. ते टेबलावर वाकले.

"परत बोला, मॅडम."

"क्लेम नाही बसत, काका."

"ते न्हाई. त्याच्या पुढचं."

"काकू बऱ्या होताहेत."

"कायमचं न्हाई म्हणता? बिलकुल न्हाई?"

"नाही हो काका."

डॉक्टरांनी धीर दिला होता, मुलांनी दिला होता, मीही दिला होता. तो त्यांनी नुसता ऐकून घेतला होता. पण ज्या बँकेनं आजवर त्यांच्या कुठल्याच प्रश्नाला सरळ हो म्हटलं नव्हतं, तिनं आज आक्काचं दुखणं कायमचं नाही असं तोंडानं सांगितलं होतं. साडूभाऊंनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले, समोरच्या दुकानातून पेढे आणले आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना वाटले. कशाचे पेढे, हे शाखेत कुणालाच कळेना. दुकानाकडे परतल्यावर चाचांच्या हातावर तर त्यांनी दोन ठेवले. "क्लेम नामंजूर झाला, चाचा! मुबारक!"

खातं अजून आहे. या वर्षीही त्यांनी फी भरली. कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "असू द्या पाव्हणे. वाया गेली तर बरंच हाये."

आक्का आता काठी घेऊन चालते. संध्याकाळी दोघं बाजाराच्या रस्त्यानं निघतात. पूर्वी साडूभाऊ तरातरा पुढं असत आणि ती पार मागं. आता तिचा श्वास जरा चढला, की ते चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकतात. चपलेला काहीएक झालेलं नसतं. आक्काला ते ठाऊक आहे. ती काठीवर भार देऊन उभी राहते आणि म्हणते, "करा सावकाश."