मायचा डावा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व काही नाही. सुईणीचे हाल झाले आणि मायचे त्याहून जास्त. पण आमच्या भागात पायाळू माणसाच्या गळ्यात एक कामगिरी आपोआप पडते. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्यानं वाकून उभं राहायचं आणि पायाळूनं डाव्या पायानं त्याच्या कमरेला हलकेच लाथ लावायची. तेवढ्यानं दुखणं पळतं, अशी समजूत. चालायला लागल्यापासून मी गावाला लाथा मारत आले आणि त्याबद्दल गावानं मला मूठमूठ गूळ-शेंगदाणे दिले. एवढी चांगली नोकरी मला पुढे कधी मिळाली नाही.

आमचं गाव जळकोटजवळ. लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील, म्हणजे आबा, शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. नव्या जिल्ह्याचं त्यांना भारी कौतुक. कुठंही पत्ता लिहायचा झाला की ‘जिल्हा लातूर’ ही अक्षरं ते इतरांपेक्षा ठळक काढत. लोक मात्र दुखणं अंगावर आलं की जुन्या सवयीनं नांदेडचीच एसटी धरत.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर नवस, अंगारे, उतारे हेही सगळं गेलं. आबा त्याच वळणात वाढलेले. लाथेचा प्रकार त्यांना बिलकूल खपत नसे. “पायात हाडं असतेत, दवा नसतीय,” असं ते म्हणत. पण ते शाळेत गेले की लोक यायचेच, आणि माय कुणाला परत पाठवत नसे. पेठेतला किराणा दुकानदारही यायचा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. दुकानात तो मायच्या पदरात साखर वरून सोडायचा, चुकून हात लागू नये म्हणून. आमच्या अंगणात मात्र तो धोतर सावरून गुडघ्यांवर हात टेकायचा, वाकायचा, आणि मी त्याच्या कमरेला पाय लावायचे. माय चौकटीला टेकून बघत राहायची. ती त्याला पाणी विचारायची नाही, आणि तो मागायचाही नाही.

मी दहावीत होते त्या वर्षी पाण्याचे हाल झाले. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नीट झाला नव्हता. आमच्या वस्तीतला हापसा नुसती हवा ओढू लागला. पाणी उरलं ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, महादेवाच्या देवळाजवळच्या हापशाला. मधे ओढा, ओढ्याला उतार आणि चढ. माय एक घागर डोक्यावर आणि एक डाव्या कडेवर घेऊन दिवसभर त्या वाटेवर असायची. एका सकाळी अंगणात घागर उचलायला ती वाकली आणि वर आलीच नाही. जमिनीला हात टेकून तशीच राहिली. कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कुणी तापलेली तार ओढली, असं नंतर म्हणाली.

त्या दुखण्याला सायटिका म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणायचो, शीर धरली. बसलं की कळ वाढायची, म्हणून माय उभ्यानं जेवायची. आडवं पडलं तरी चैन नसायचं. मग ती गुडघ्यांवर बसून ज्वारीच्या पोत्यावर डोकं टेकायची आणि तशीच झोपायचा प्रयत्न करायची. मला ते बघवत नसे. एवढं असूनही ती पाण्याला जातच होती. कडेवरची घागर तिनं फक्त उजवीकडे घेतली.

शेजारची मावशी सख्खी नव्हती, पण सख्खीपेक्षा जास्त होती. तिनं उपाय आरंभले. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला. मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. बिब्बा घातला, त्यानं कातडी तेवढी भाजली. देगलूरला एक माणूस टाचेच्या वर डाग देतो, तापल्या लोखंडाचा, आणि माणूस पळत घरी येतो, असं तिनं सांगितलं. डाग दिल्यावर कुणीही पळेल, असं आबा म्हणाले, आणि देगलूर तिथंच संपलं.

मग मावशीनं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. “आगं, घरात पायाळू पोरगी हाय आन् तू अशी तळमळून राहिलीस. घे की लाथ लावून.”

“न्हाई,” माय म्हणाली.

आबांच्या धाकानं ती नको म्हणते, असं मावशीला वाटलं. पोटच्या पोरीचा पाय कसा लावून घ्यायचा, हेही असेल, असं बाकीच्यांना वाटलं. मला मात्र फार लागलं. साऱ्या गावाच्या पाठीला माझा पाय चालतो आणि मायच्या नाही, हे काही मला पटेना. एका दुपारी आबा शाळेत असताना मीच तिला म्हणाले, “माय, वाक. घरात कुणी न्हाई.”

माय भिंतीला धरून उभी होती. “त्यानं काई व्हत न्हाई, पोरी,” ती म्हणाली. “मला पैल्यापासून म्हाईत हाय.”

“मग लोकांना कामून येऊ देतीस?”

तिनं अंगाचा भार उजव्या पायावर घेतला. “ते वाकतेत न्हवं आपल्या दारात. तेवढं बघायला.”

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी रागही आला. इतकी वर्षं मी लोकांची दुखणी बरी करते असं समजून तोऱ्यात वावरत होते, आणि घरातल्या घरात तिचा हिशेब भलताच होता. पुढं दुकानदार आला तेव्हा माझ्या पायाला नेहमीपेक्षा थोडा जोर आला असावा. तो म्हणाला, आज लई आराम पडला.

मायला मात्र आराम नव्हता. उलट एका संध्याकाळी ती पाणी घेऊन आली तेव्हा तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठं निसटली ते तिला कळलंच नव्हतं. ओढ्याची वाट सगळी खड्यांची, काट्यांची. तळवा रक्ताळला होता आणि तिला त्याचाही पत्ता नव्हता. आबांनी तो पाय मांडीवर घेतला, काटे काढले. माय शांतपणे बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. आबा घाबरले. घाबरलेले आबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

मावशी म्हणाली, नांदेडला न्या. आबा म्हणाले, “आता आपला जिल्हा लातूर हाय.” अशा वेळीही त्यांना जिल्हा सुचला याचा मला संताप आला, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. एसटीत माय शेवटपर्यंत उभी राहिली. कंडक्टर पुन्हा पुन्हा म्हणायचा, “बाई, जागा हाय, बसा की.” माय दांड्याला धरून मान हलवायची. खड्डा आला की ती ओठ आत घ्यायची, आणि मी तिच्या कमरेमागे हात धरून उभी राहायचे. लातुरात नव्या कचेऱ्यांच्या पाट्या ताज्या रंगाच्या होत्या आणि जागोजागी रस्त्याकडेला रिकाम्या घागरींच्या रांगा होत्या. माय त्या रांगांकडेच बघत होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मायला टेबलावर उताणं झोपवून तिचा डावा पाय सरळ वर उचलला. जेमतेम वीतभर उचलला असेल, तोच माय किंचाळली. मग ते म्हणाले, “अंगठा स्वतःकडे ओढा.”

“वढला की,” माय म्हणाली.

अंगठा जागचा हलला नव्हता. आबा ते बघत होते, मीही बघत होते. माय छताकडे तोंड करून पडली होती, तिला वाटत होतं आपण ओढलाय.

मणक्यातली चकती सरकून शिरेवर दाब येतोय, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या. कठीण जागी, गुडघ्यांखाली उशी घेऊन पडून राहायचं. कळ ओसरली की पालथं पडून छाती हळूहळू उचलायची, थोडं थोडं चालायचं, ते कसं हे करून दाखवलं. आणि वजन बंद. घागर, कळशी, सरपण, पोर, काहीही उचलायचं नाही, निदान पाऊस लागेपर्यंत. नाही ऐकलं तर पाऊल लुळं पडेल आणि मग कदाचित परत उठणार नाही.

“आन् पाणी कोन आनील, सायेब?” मायनं विचारलं. पायाचं काय होणार हे तिनं विचारलं नाही.

“ते औषध माझ्याकडे नाही, बाई,” डॉक्टर म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, खरोखरच हताश झाले होते. आबांनी चिठ्ठीची घडी केली, उघडली, पुन्हा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घागर उचलली. दुसरं कोण होतं घरात? आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “घरातली एक कंबर गेली, दुसरी न्यायची न्हाई,” ते म्हणाले. “तू पुस्तक उघड.” आणि पांढऱ्याशुभ्र पायजम्या-सदऱ्यात, सायकलच्या दोन्ही बाजूंना घागरी बांधून आबा पाण्याला गेले. आले ते चिंब भिजून, रिकाम्या घागरी घेऊन. ओढ्याच्या चढावर सायकल आडवी झाली होती. मला हसू आवरेना, आणि पडल्या पडल्या मायलाही. त्या दिवसांत ती तेवढंच हसली.

दुसऱ्या खेपेला ते घागरी हातात धरून गेले. आमच्याकडं पुरुष बैलगाडीतून, टाकीतून पाणी आणायचा. त्यात कमीपणा नव्हता. पण बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभं राहणं निराळं, आणि त्यातून गुरुजींनी. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दुकानदार ओट्यावरून म्हणाला, “गुरुजी, पोरीला धाडा की. असं बरं दिसत न्हाई.”

“बरं दिसायला न्हाई आलो,” आबा म्हणाले, “पाणी न्यायला आलो.” हे मावशीनं आम्हाला साभिनय सांगितलं.

स्वतः आबांनी घरी येऊन फक्त रांगेचं सांगितलं. हापशावर कुणी नियम लिहून टांगला नव्हता. पण आमच्या वस्तीतल्या घागरी कितीही लवकर ठेवा, गावातल्या सगळ्या भरल्याशिवाय त्यांची पाळी येत नसे. घागरी नुसत्या मागं सरकायच्या. सभांमधून समतेवर घसा कोरडा होईपर्यंत बोलणाऱ्या आबांना ही रांग माहीतच नव्हती, कारण ती बायकांची रांग होती.

“रोज असंच असतंय?” त्यांनी मायला विचारलं.

माय चटईवर उताणी होती. “मग कसं असतंय?” ती म्हणाली.

आबा उठून बाहेर गेले. नंतरच्या दिवसांत ते शाळेच्या आधी आणि नंतर हापशाचा दांडा धरून उभे राहू लागले. ज्याची घागर आधी आली त्यानं आधी भरायची, एवढंच म्हणायचे. ज्यांच्या पोरांना त्यांनी अक्षरं शिकवली होती त्या बायांना त्यांच्यापुढं वाद घालणं जड जाई. काही घरांनी घातलाच. सगळं सरळ झालं असं नाही. ते असले की रांग सरळ, ते शाळेत गेले की पुन्हा वाकडी. पण पाण्यासाठी मायला चटईवरून उठावं लागलं नाही.

पडून राहणं हे तिच्यासाठी दुखण्यापेक्षा अवघड होतं. ती चटईवरून मला भाकरी कुठली करपली ते वासावरून सांगायची. चिडायची, रडायची, “मला काय राणी करून ठिवलंय,” म्हणायची. हळूहळू कळ टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत आली, आणि मग एका दुपारी तिनं मला हाक मारली. “बघ गं.” डाव्या पायाचा अंगठा हलत होता. फार नाही, पण तिच्या सांगण्यानं हलत होता. आम्ही दोघी त्या अंगठ्याकडं बघत रडलो. संध्याकाळी आबांनी कंदील जवळ घेऊन तो पुन्हा पुन्हा हलवायला लावला, शेवटी माय म्हणाली, “बास की, दमला त्यो.”

ती सरळ चालू लागली तरी पाऊस लागला नव्हता. एका सकाळी मी आबांबरोबर निघाले तेव्हा माय चप्पल घालून मागोमाग आली. काही उचलणार नाही, नुसतं बघणार, असं तिनं कबूल केलं. हापशावर आबांनी घागर भरली आणि नेहमीसारखी काठाला धरून दोन्ही हातांनी उचलली. त्यांचे तळवे सोलले होते, पाणी पायजम्यावर सांडत होतं.

“आस्सं न्हेतेत व्हय घागर?” माय म्हणाली.

तिनं रांगेत उभ्या असलेल्या मावशीच्या खांद्यावरचं जुनेर घेतलं, पिळा देऊन गोल चुंबळ केली आणि आबांच्या डोक्यावर बसवली. हातानं दाबून नीट केली. मग मला आणि मावशीला खूण केली. आम्ही दोघींनी घागर उचलून चुंबळीवर ठेवली. आबांनी मान ताठ केली, एक हात घागरीला लावला आणि चालू लागले, दुकानावरून, देवळावरून, भर रस्त्यानं.

त्यांच्या मागं माय. तिच्या डोक्यावर काही नव्हतं, कडेवर काही नव्हतं. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. ती ते पदरात घ्यायची, मोकळे सोडायची, परत पदरात घ्यायची. मायला रस्त्यानं रिकाम्या हातानं चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.