अबकैकची जाखडी

माणसं एखादी गोष्ट जशी करतात तशीच का करतात, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी बायको शर्मिला याला नसत्या चौकशा म्हणते. नाशिकहून सौदीतल्या अबकैकच्या तेल प्लान्टवर इंजिनीअर म्हणून आलो, तेव्हापासून या चौकशांमुळे अर्ध्या प्लान्टशी माझी ओळख झाली आणि उरलेला अर्धा मला बघून रस्ता बदलतो. धोंडीरामनं मात्र कधी रस्ता बदलला नाही. त्याला बोलायला आवडायचं, फक्त विषय जाखडीचा हवा.

धोंडीराम संगमेश्वर तालुक्यातला. काम परांची बांधायचं; असं काम करणाऱ्याला आमच्याकडे स्कॅफोल्डर म्हणतात. मिसरूड फुटलं तसा सौदीत आला आणि कलप लावायची वेळ आली तरी इथंच होता. गावी बायको तुळसाबाई, दोन लग्न झालेल्या मुली, आणि दोन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी. ती सुट्टी कंपनीच्या सोयीनं मिळायची, त्यामुळे गौरी-गणपतीला तो गावात कधी नसायचाच. ती भूक त्यानं इथं भागवली. कामगारांच्या कॅम्पातल्या कोकणी पोरांना धरून दर शुक्रवारी जेवणानंतर मेसमध्ये जाखडीची तालीम घ्यायचा.

जाखडीत मधे ढोलकी, झांज आणि गाणारे बुवा असतात. भोवती एका पायात चाळ बांधून नाचणाऱ्यांचं रिंगण फिरतं. आमच्या मराठी मंडळाचा वर्षातला एक कार्यक्रम कुणाच्या तरी कंपाउंडच्या हॉलमध्ये, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दारं लावून होतो. त्यात धोंडीराम आणि मंडळींची जाखडी ठरलेली. निवेदक दर वर्षी ‘शेकडो वर्षांची परंपरा, जशीच्या तशी’ असं म्हणायचा, पहिल्या रांगेतले लोक भावुक व्हायचे आणि आमची पोरं वेफर्स खात ‘हाउ लाँग इज धिस?’ विचारायची. माझी मुलगी रेवा त्यात पुढे.

त्या वर्षी मी एगोनला घेऊन गेलो. एगोन माझ्याच विभागातला इंजिनीअर, ब्राझीलचा, पण खापरपणजोबा जर्मनीहून बोटीतून उतरलेले. त्याच्या गावात वाडवडिलांची संस्कृती जपणारा क्लब आहे. तिथं पिसाची टोपी आणि चामड्याची चड्डी घालून, पितळी वाद्यांवर नाचतात. घरात पोर्तुगीज बोलतात, आणि क्लबात अशी जर्मन, जी ऐकून खऱ्या जर्मनांना हसू येतं. हे सगळं मी त्याच्याकडून खोदून खोदून काढलं होतं. त्यामुळे आमचाही क्लब त्याला दाखवणं भाग होतं.

एगोननं जाखडी मन लावून पाहिली आणि मला विचारलं, हे लोक पाय इतके हळू का टेकवतात? मी बघायला लागलो. खरंच की. ढोलकी दणदण वाजत होती, अंगं घामानं निथळत होती, आणि पाय वर जोरात जाऊन खाली येताना लोण्यात पडल्यासारखे पडत होते. इतकी वर्षं मी ते बघत होतो आणि मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं. मला माझा रागच आला.

मग एगोननं त्याच्या क्लबाची गोष्ट सांगितली. त्यांच्या एका नाचात ठरावीक जागी सगळे मान खाली घालतात. ते पिकाला केलेलं वंदन आहे, असं तो लहानपणापासून शिकला. एकदा क्लब जर्मनीत, पूर्वजांच्या गावी, नाचायला गेला. तिथल्या लोकांनी विचारलं, तुम्ही मधेच वाकता कशाला? कुणाला सांगता येईना. परत आल्यावर क्लबातली एक म्हातारी म्हणाली की पहिला हॉल लाकडी होता आणि नेमक्या त्या कोपऱ्यात तुळई खाली आलेली होती, डोकी आपटायची. हॉल कधीच पाडला, पण माना अजून वाकतात. मग आता वाकणं सोडलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, छे, आता तर आम्ही जास्तच वाकतो.

ती गोष्ट माझ्या डोक्यात भुंग्यासारखी शिरली. आणि त्याच हिवाळ्यात कॅम्पात विनय आला. विनय इलेक्ट्रिशियन, थेट धोंडीरामच्या वाडीतला. पहिल्याच शुक्रवारी तो रिंगणात उतरला आणि त्यानं पाय असा आपटला की टेबलावरची ताटं खडखडली. सगळे थांबले. धोंडीरामनं त्याला हलका पाय दाखवला. विनय म्हणाला, “काका, आपल्या वाडीत असा कोन नाचत न्हाय,” आणि मोबाइलवर गावचं रिंगण दाखवलं. धुरळा उडत होता.

धोंडीरामचा पारा चढला. गावानं नाच बिघडवला, स्पीकर लावून धुडगूस घालतात, बापानं शिकवलेला खरा नाच आता फक्त या मेसमध्ये उरलाय, असं तो सगळ्यांसमोर बोलला. त्याचं चिडणं मला समजत होतं. जुलैमध्ये तो कायमचा घरी जाणार होता, फायनल एक्झिट. या गौरी-गणपतीला स्वतःच्या वाडीच्या रिंगणात उभं राहायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं सगळी वर्षं काढली होती. तिथल्या पोरांना चार गोष्टी शिकवू, असंही तो म्हणायचा.

विनयनं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की गाव हसेल. कॅम्पात शिकलेले दोघं मागं सुट्टीवर गेले होते, ते असेच नाचले, आणि त्यांना वाडीत ‘काटा मोडलेले’ असं नाव पडलं. काकांचं तसं व्हायला नको, पण सांगायचं कुणी?

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला माझ्यासारखा चौकस माणूस बरा. मी धोंडीरामला विचारलं, तुझे वडील कुठं नाचायचे? तो म्हणाला, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात. मी म्हटलं, शेणानं सारवलेल्या मातीवर इतका हलका पाय टाकला तर तो ऐकू कुणाला जाणार? तो मग उठला, ताट विसळलं आणि निघून गेला. पुढचे काही शुक्रवार त्यानं तालीम घेतली नाही की माझा फोन उचलला नाही. शर्मिला म्हणाली, झालं समाधान? झालं नव्हतं, उलट मला वाईट वाटत होतं.

एक दिवस त्यानंच बोलावलं. मेसच्या मागं सावलीत पाइपवर बसून तो बोलला. पहिला कॅम्प पत्र्याच्या केबिनींचा होता, खाली प्लायवूडची जमीन. शुक्रवारी दुपारी सात-आठ जण मिळून रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायचे आणि नाचायचे. पाय पडला की शेजारच्या खोलीतले पलंग हलायचे. तिथं नाइट शिफ्टवाले झोपलेले असायचे. एकदा तिथला पेशावरचा एक वेल्डर दारात आला. हे भांडणाच्या तयारीनं उठले, तर त्या दांडग्या माणसानं हात जोडले आणि म्हणाला, “भाई, नाचो, पर सोने दो.” त्या दिवसापासून पाय हलका झाला. मागून आलेल्या पोरांना धोंडीरामनं तोच शिकवला.

“मीच केला नि मीच विसरलो, सायेब,” तो म्हणाला. “बापाच्या नावावर घातला.”

त्यानंतर त्यानं विनयला गुरू केला. साठीला टेकलेला माणूस मेसच्या मागच्या सिमेंटवर पाय आपटायला शिकत होता. गुडघा छातीपर्यंत यायचा, पाय वेगानं खाली यायचा आणि जमिनीपाशी आपोआप सांभाळला जायचा. विनय म्हणायचा, काका, जोरात. काका दात-ओठ खायचे, पण ते जमलं नाही. जुलैत निघताना विमानतळावर त्याला भीती वाटत होती आणि त्यानं ती लपवली नाही. “गावात पावना म्हून हसं करून घ्यायला चाललोय,” असं तो म्हणाला.

कॅम्पातलं रिंगण आता विनय चालवतो. तो हलकाच पाय शिकवतो. मी कारण विचारलं, तर म्हणाला, आमच्या शेजारीही नाइट शिफ्टवालेच आहेत.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी धोंडीरामचा फोन आला. रिंगणात उभा राहिला, असं त्यानं सांगितलं. सगळ्यांचा पाय दणकन पडला आणि त्याचा मात्र नेहमीसारखाच, हलका. पोरं हसली, म्हातारेही हसले. तो रिंगण सोडून ओटीवर जाऊन बसला. तुळसाबाई पाणी घेऊन आली. ती हसली नाही. ती म्हणाली, “पोरी निजल्या की मी घरात अशी चालायची. तुमच्या तिकडं कोन निजायचा?”

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. पत्र्याची खोली, एकावर एक पलंग, दिवसा झोपणारी माणसं, तो हात जोडणारा वेल्डर. सुट्टीवर गेला की तो तिकडे सगळं झकास आहे एवढंच सांगायचा आणि तीही तेवढंच ऐकायची. अर्धं आयुष्य आपण कुठं निजलो, हे त्यानं बायकोला पहिल्यांदा सांगितलं. ऐकताना तुळसाबाई रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“आता हितं कुनी निजलेलं न्हाय,” ती म्हणाली. “जावा, आपटा पाय.”