डोळे बरे हायत, साहेब

चहाचा कप हातात आला की मावशी आधी डोळे मिटायची. ओठ हलायचे, चहावर साय धरायची, मग एकदाचं आमेन व्हायचं. "प्रभू पुरवतो, गुरुजी," ती म्हणायची. मी चिडवायचो, "पुरवतो खरं मावशी, पण गरम पिऊ देत न्हाई." ती पदराआड हसायची. उदगीरला आमच्या गल्लीत ती समोरच राहायची. एका खाजगी दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेलेला. घरात ती आणि एकुलती मुलगी.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या खरेपणानं जवळच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. डॉक्टर बाहेरगावी असले की पेशंटला 'येतच आहेत' म्हणून बसवून ठेवायचं, अशी दवाखान्याची रीत. मावशी सरळ सांगायची, "ते लातूरला गेलेत, सांजच्याला येतील. लई दुखत असंल तर दुसरीकडं जावा." डॉक्टर तिला रागानं काढून टाकायचे आणि परत बोलवायचे, कारण बाळंतिणी तिच्याशिवाय कुणाचं ऐकायच्या नाहीत.

मुलीनं लातूरला राहून जिवाचं रान केलं आणि सरकारी मेडिकलला तिचा नंबर लागला, राखीव जागेवर. अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, अशी घरं आमच्या भागात बरीच आहेत. आजोबांच्या दाखल्यावरची जात तशीच पुढे चालत येते. ख्रिस्ती म्हणवून घेतलं की तिची सवलत जाते. म्हणून कुणी सांगत नाही आणि सहसा कुणी विचारत नाही. या वेळी कुणीतरी तक्रार केली, आणि जात पडताळणीचे साहेब घरी चौकशीला येणार असं कळलं.

आम्ही सगळे कामाला लागलो. येशूचं कॅलेंडर माझ्या घरी आलं, माझ्या घरची खंडोबाची तसबीर तिच्या भिंतीवर गेली. मुलीनं आईचे पाय धरले. "आई, तू फक्त गप बस." मावशी कितीतरी वेळ तसबिरीकडे बघत राहिली. "खोटं बोलणार न्हाई मी," ती शेवटी म्हणाली, "पर गप बसते."

साहेब आले. भला माणूस होता, उन्हानं दमलेला. सण कोणते, लग्नं कशी लागतात, कुलदैवत कोण, सगळी उत्तरं मीच दिली. मावशी कोपऱ्यात गप्प. साहेबांनी फाइल मिटली आणि चहा आला. पहिला कप त्यांनी आपण होऊन मावशीपुढे केला. "घ्या मावशी, पोरगी डॉक्टर होणार तुमची."

मावशीनं कप घेतला आणि डोळे मिटले.

"आई, नको," मुलगी पुटपुटली. साहेब बघतच राहिले. मी घाईघाईनं म्हणालो, "डोळे दुखतात त्यांचे, साहेब. मोतीबिंदू हाय." साहेबांनी मान डोलावली. विषय तिथंच मिटला होता.

मावशीनं डोळे उघडले. "डोळे बरे हायत, साहेब. मी प्रार्थना करत होते. आमी ख्रिस्ती हाव."

जागा गेली. मी मुलीदेखत तिला तोंडावर म्हणालो, "पोरीच्या ताटातलं काढून घेतलंत तुम्ही." ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, खोट्यानं मिळालं असतं, तर आभार कुणाचे मानायचे होते? थांबू की. तो घाई न्हाई करत, पर देतो." माझा राग मात्र अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

मुलगी औषधाच्या दुकानात उभी राहू लागली. वकील म्हणाला, आईच्या बोलण्यापलीकडे पुरावा काहीच नाही. म्हणून तिनं अपील केलं. मायलेकी एका ताटात जेवायच्या, पण बोलायच्या नाहीत. आणि अपील लोंबकळत असतानाच एके दिवशी मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसली, ती उठलीच नाही.

गल्लीतल्या माणसांनी मुलीला बाजूला घेतलं. "पोरी, जाळू या. कब्रस्तानात पुरलं की झाला पुरावा. फोटो काढायला माणसं टपून बसलीत." मीही तेच म्हणालो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जिवंत पोरीचं बघायला नको का?

ती आईच्या उशाशी बसून होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "पाळकसाहेबांना बोलवा, काका. आईला मातीच द्यायची."

चर्चची थोडी मंडळी आली, गल्लीतले आम्ही काही. फाटकाशी कुणीतरी मोबाइल वर धरला होता. तिनं तो पाहिला, पण तोंडावर ओढणी घेतली नाही. प्रार्थना झाली, पेटी खाली उतरली. पाळकांनी तिच्या हातात माती दिली. तिची मूठ उघडेना.

"थांबू म्हणालीस," खड्ड्याकडे बघत ती म्हणाली. "मी थांबले होते की गं. तूच न्हाई थांबलीस."

मग तिनं मूठ उघडली.