काथ्याचा दोर

मास्तरांनी माझी कुंडी सगळ्या वर्गापुढे धरली आणि काठीने रोप हलवलं. पानं झडून खाली पडली.

"कलम धरायला हाताला गुण लागतो. तो जातीत असावा लागतो. ह्याच्या बापजाद्यांनी कधी झाड लावलंय?"

पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने खोताचा मुलगा हसला. माझे कान तापले. कुंडीतली माती भाजल्यासारखी कोरडी होती. मास्तरांना ती दिसत नव्हती असं नाही.

रत्नागिरीजवळची ती शेतकी शाळा. वर्गात महाराचा मी एकटा. बाप पलटणीतून पेन्शनीत आलेला, घरची वीतभर जमीन नाही. तो म्हणाला होता, "कलमा बांधाया शिक. जमीन खोताची आसंल, पन हुन्नर कुनी काढून घेत न्हाय." दाखला मिळाला की एखाद्या बागेत कलमं बांधायचं काम मिळणार. आणि दाखला मिळणार तो कलम जगलं तरच.

तेव्हा भेटकलमं बांधायची. रायवळ आंब्याचं रोप कुंडीसकट बांबूच्या माचावर चढवायचं, हापूसच्या फांदीला टेकवायचं, दोन्हींची साल तासून घट्ट बांधायचं. ती एकजीव होईपर्यंत कुंडीला रोज पाणी घालायचं. फांदीला तिच्या झाडाचं पाणी मिळतं. रोपाला कोण देणार?

विहिरीला हात लावायची मला बंदी. रिकामी कळशी घेऊन मी कट्ट्याखाली उभा. खोताच्या मुलाला लहर आली तर तो वरून ओतायचा. नाहीतर म्हणायचा, "थांब रे, जेवून येतो." आणि जेवून झोपायचा. दसरा होऊन गेलेला, कातळावरचं ऊन नुसतं फोडून काढत होतं. शेण वाहायला माझे हात चालत. आळी खणायला चालत. दोराला चालत नसत.

"दुसरंही वाळेल आता," मास्तर म्हणाले. "मग जा गावाला."

दुसरं! माझं दुसरं कलम माचावर अजून हिरवं होतं. मी कळशी उचलली आणि थेट विहिरीच्या कट्ट्यावर चढलो. खोताचा मुलगा धावत आला.

"अरे थांब! मी ओततो! आत्ता ओततो!"

एवढे दिवस ह्याच शब्दांसाठी मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. स्वतःचीच किळस आली.

"आता नको," म्हटलं आणि पोहरा सोडला.

"बाटवलीन रे! बाव बाटवलीन मेल्यान!" मागून कुणीतरी ओरडलं.

पोहरा वर घेतला. आधी ओंजळभर प्यालो. तहान नव्हती. तरी प्यालो. मग कळशी भरून कुंडीत रिती केली.

संध्याकाळी शाळेतून माझं नाव कमी झालं. सकाळी पाहतो तर विहिरीवरचा दोर काढून ठेवलेला. मी तसाच बाजारात गेलो, काथ्याचा नवा दोर घेऊन परतलो. मास्तर कट्ट्यावर आडवे उभे.

"तुझं नाव शाळेत नाही. ते कलमही तुझं नाही."

"नसू दे," मी म्हणालो. "ते जगेपर्यंत रोज पाणी घालीन. जगल्यावरही येईन. तेव्हा कलमासाठी नाही, पाण्यासाठी येईन. आणि एकटा येणार नाही."

मास्तर बाजूला झाले नाहीत. मी त्यांच्या शेजारूनच दोर खाली सोडला.