पुस्तकात नसलेली म्हातारी

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशीन दुरुस्त करणारा माझा मित्र रविवारी दुपारी त्याच्या घरी आम्हाला खेळ खेळवायचा. मी शाळेत शिकवते. बाकीचे दोघे म्हणजे एक औषधदुकानवाला आणि एक तलाठी. खेळ म्हणजे गोष्टच. मित्रासमोर इंग्रजीत छापलेलं साहसाचं पुस्तक असायचं. कोणत्या भुयारात कोणता राक्षस, कोणत्या दारामागे काय, सगळं त्यात. आम्ही त्यात डोकवायचं नाही. तो प्रसंग सांगायचा, आपलं पात्र काय करतं ते आम्ही सांगायचो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. पुस्तकातला बर्फातला किल्ला त्याच्या तोंडी आमच्या तुमसरजवळचा आंबागड व्हायचा.

किल्ल्याआधी तलाव होता. तिथे एक म्हातारी डोंगा चालवायची. बसण्याआधी प्रत्येकाला विचारायची, "जेवून आला का, बाबू? का उपाशीच मराले चालला?" माझं पात्र तलवार चालवणारी बाई, तरी तिला मीही बाबूच. आम्ही खूप हसायचो.

एका सकाळी चहा पिता पिता मित्राच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

महिन्याभराने त्याच्या बायकोने, वहिनींनी, पुस्तक माझ्या हातात दिलं. "मले यातलं काही समजत नाही, ताई. पण खेळ अर्धा राहिला म्हनता. इथंच येत जा."

मी पुस्तक दोनदा वाचलं. तलाव होता, मोडका पूल होता. म्हातारी नव्हती. समासात त्याने पेन्सिलीने बरंच लिहिलं होतं, पण तिच्याबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी त्याच्या घरी त्याच्या जागी मी बसले. तलाठी म्हणाला, "आपण म्हातारीकडे जाऊ."

ती आता तिथे नाही, असं मी सांगणार होते. तोंडातून निघालं, "जेवून आला का, बाबू?" आवाज घोगरा, आणि 'बाबू'च्या आधी श्वास आत ओढलेला. औषधदुकानवाल्याने हातातले फासे खाली ठेवले.

पाणी घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. "काहून असं बोलून राहिल्या, ताई?"

"तो असंच बोलायचा म्हातारीसाठी."

"असं तं माही सासू बोले. असाच श्वास घेई."

तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

वहिनी आमच्याजवळ बसल्या. आमच्यामध्ये पसरलेल्या खेळाच्या नकाशातला तलाव त्यांनी बोटाने शोधला. मग म्हणाल्या, "तिले विचारा, ते भेटले का?"

"वहिनी, मला कसं माहीत असणार?"

"तुमाले नाही विचारून राहिली मी. तिले विचारून राहिली."

मी पुस्तक मिटलं.

"भेटला," मी म्हणाले.

वहिनींनी मान हलवली आणि पाण्याचे पेले आमच्यासमोर ठेवले. आम्ही तलाव ओलांडला. पुढे किल्ल्यात तलाठ्याचं पात्र मेलं. बाकीचे आम्ही उन्हाळ्यात शेवटपर्यंत पोहोचलो. तो एक शब्द मी वहिनींच्या समाधानासाठी बोलले, असं दोघांना वाटतं. मीही त्यांना तसंच सांगते.